छोटी ईव्ही की प्लग-इन हायब्रिड: हिशेब उरल्याच्या रस्त्यावरचा

रायपूर शहरातून उत्तरेला निघून भनपुरी आणि बिरगाव मागे टाकले की उरल्याची औद्योगिक वसाहत लागते. स्पंज आयर्न, बिलेट, रोलिंग मिल, फेरो अलॉय, छत्तीसगडच्या लोखंडी धंद्यातले सगळे शब्द इथल्या पाट्यांवर वाचायला मिळतात. सकाळी नऊच्या सुमारास या रस्त्यावर सळ्या लादलेले ट्रेलर, कामगारांच्या दुचाकी, ई-रिक्षा आणि मधूनमधून वाट काढणाऱ्या छोट्या मोटारी असे सगळे एकत्र असते. या मोटारींत अकाउंटंट असतात, मेंटेनन्सचे इंजिनिअर असतात, लॅब सांभाळणारे केमिस्ट असतात. बहुतेकांचे घर दहा-बारा किलोमीटरवर, शहरात. गाडी दिवसभर कारखान्याच्या आवारात उभी असते आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परतते.

रायपुरात मराठी माणसेही पुष्कळ आहेत. तात्यापारा ही जुनी मराठी वस्ती, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ, आणि भोसल्यांच्या राजवटीपासून इथे रुजलेली घराणी. यांची सोयरीक बहुतेक नागपूरकडची. म्हणून अशा घरातल्या गाडीला दोन अगदी वेगळी कामे करावी लागतात. रोज उरला, म्हणजे जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर. आणि लग्नकार्य, दिवाळी, कुणाचे आजारपण असले की नागपूर, म्हणजे एका बाजूने जवळपास २९० किलोमीटर. पहिल्या कामाला छोटीशी बॅटरी पुरून उरते. दुसऱ्या कामाला पेट्रोलच्या टाकीइतकी निश्चिंती कशानेच येत नाही.

प्लग-इन हायब्रिड गाडीचा जन्म नेमक्या याच पेचातून झाला. तिच्यात इंजिन असते, पेट्रोलची टाकी असते, आणि शिवाय भिंतीतल्या सॉकेटवर चार्ज करता येईल अशी मध्यम आकाराची बॅटरीही असते. रोजचे चाळीस-पन्नास किलोमीटर विजेवर, लांबचा पल्ला पेट्रोलवर. चीनच्या बीवायडी कंपनीने डिसेंबर २००८ मध्ये एफ-थ्री-डीएम ही मोठ्या प्रमाणावर बनवलेली पहिली प्लग-इन हायब्रिड बाजारात आणली. दोन वर्षांनी अमेरिकेत शेवरोलेची व्होल्ट आली, मग टोयोटाच्या प्रियसची प्लग-इन आवृत्ती, मित्सुबिशीची आउटलँडर. साध्या हायब्रिडपेक्षा ही जात वेगळी, हे लक्षात ठेवायला हवे. आपल्याकडे २०२२ नंतर रुळलेल्या मारुती ग्रँड विटारा, टोयोटा हायरायडर, होंडा सिटी यांच्या हायब्रिड आवृत्त्यांना प्लग नसतो. हायरायडरची बॅटरी पाऊण युनिटाच्या आसपास वीज साठवते आणि ती वीजही शेवटी पेट्रोलपासून किंवा ब्रेक लावताना चाकांतून मिळते. अ‍ॅव्हरेज वाढतो, पण घरच्या मीटरशी तिचा काही संबंध येत नाही.

मग उरल्याला जाणाऱ्या माणसाने प्लग-इन हायब्रिड घ्यावी का? भारतात हा प्रश्न शोरूमच्या दारातच अडतो. त्याला परवडेल अशी प्लग-इन हायब्रिड इथे विकलीच जात नाही. २०१६ मध्ये व्होल्वोने एक्ससी-९० ची प्लग-इन आवृत्ती आणली ती सव्वा कोटीची. बीएमडब्ल्यूची एक्सएम डिसेंबर २०२२ मध्ये २ कोटी ६० लाखांना आली, लॅम्बोर्गिनीची उरुस एसई २०२४ मध्ये साडेचार कोटींच्या वर. यांतली एक्सएम जरा जवळून बघण्यासारखी आहे. तिच्या बॅटरीत वापरता येणारी वीज २५.७ युनिट. टाटाच्या टियागो ईव्हीच्या मोठ्या बॅटरीची क्षमता २४ युनिट. एक्सएमचे वजन सुमारे २७०० किलो, टियागोचे बाराशेच्या आसपास. जवळजवळ तेवढ्याच विजेवर एक गाडी भलेमोठे इंजिन अंगावर वागवत ऐंशीएक किलोमीटर जाते, तर दुसरी बाजारात आली तेव्हाच्या प्रमाणित चाचणीत ३१५ आणि प्रत्यक्षात १८० ते २०० किलोमीटर.

हे असे का झाले, त्याचे उत्तर करांच्या तक्त्यात आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मोठ्या हायब्रिड गाड्यांवर २८ टक्के कर आणि वर १५ टक्के उपकर लागला. विजेच्या गाड्यांवर आधी १२ आणि १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के. बॅटरी, मोटर, इंजिन या तिन्हींचा खर्च करायचा आणि वर ४३ टक्के भरायचे, असा सौदा कोणत्या कंपनीने परवडणाऱ्या गाडीसाठी केला असता? २२ सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेनंतर मोठ्या गाड्यांचा दर ४० टक्के झाला. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के, आणि त्याच मापातल्या पेट्रोल हायब्रिडलाही तेवढाच. म्हणजे छोट्या प्लग-इन हायब्रिडला आज कागदावर वाट मोकळी आहे, फक्त ती वाट चालणारी गाडी कुणी बनवलेली नाही. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये हायब्रिड आणि प्लग-इन हायब्रिड दोन्हींचे नोंदणी शुल्क माफ केले. त्याच महिन्यात टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरजवळ सुमारे २० हजार कोटींच्या कारखान्यासाठी महाराष्ट्र सरकारशी करार केला, त्यात विजेच्या गाड्यांबरोबर हायब्रिडचाही समावेश आहे. वारे बदलायला लागले आहेत, पण रायपूरच्या ग्राहकापर्यंत त्यातले अजून काही पोचलेले नाही.

प्लग-इन हायब्रिड मुळातच महाग असते असेही नाही. बीवायडीने फेब्रुवारी २०२४ मध्ये चीनमध्ये चिन प्लस या सेदानची प्लग-इन आवृत्ती ७९,८०० युआनला लावली, तेव्हाच्या दराने ती साधारण सव्वानऊ लाख रुपये होते. तिथे बॅटरी, मोटर आणि इंजिन एकाच कंपनीच्या छताखाली तयार होतात. आपल्याकडे ती साखळी अजून जुळायची आहे.

छोट्या ईव्हीचा भारतातला प्रवास मात्र चांगला पंचवीस वर्षांचा आहे. बंगळुरूच्या चेतन मैनी यांची रेवा २००१ मध्ये आली. लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, दोन दारे, एका चार्जवर ८० किलोमीटर. लंडनच्या रस्त्यांवर ती जी-विझ या नावाने धावली, भारतात मात्र तिला गिऱ्हाईक तुरळकच मिळाले. बाजार खरा उघडला तो पुण्याजवळच्या रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉन ईव्हीने, जानेवारी २०२० मध्ये. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये टियागो ईव्ही ८ लाख ४९ हजारांपासून, २०२३ मध्ये एमजीची १७.३ युनिटांची चिमुकली कॉमेट आणि सिट्रोएनची ई-सी-थ्री, जानेवारी २०२४ मध्ये पंच ईव्ही. पुण्याच्या वेव्ह मोबिलिटीने जानेवारी २०२५ च्या दिल्लीतल्या वाहन प्रदर्शनात ईव्हा मांडली, छतावर सौर पॅनेल असलेली. या सगळ्यांना एका मापाने मोजू नये. पंच ईव्हीला भारत एनसीएपीच्या अपघात चाचणीत पाच तारे मिळाले, तर ई-सी-थ्रीला ग्लोबल एनसीएपीमध्ये मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य. उरल्याच्या रस्त्यावर पुढे-मागे ट्रेलर असतात. तिथे हा फरक रेंजच्या आकड्याइतकाच, खरे तर त्याहून जास्त, महत्त्वाचा मानायला हवा.

आता पैशाचा हिशेब. रोज पंचवीस किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे ७५०० किलोमीटर. त्या गर्दीत छोटी पेट्रोल गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देईल असे धरले तर ५०० लिटर. रायपूरचा पेट्रोलचा दर शंभराच्या आसपास, म्हणजे वर्षाला ५० हजार रुपये. छोटी ईव्ही भिंतीतल्या सॉकेटपासून मोजली तर युनिटला सातेक किलोमीटर जाते. वर्षाला साधारण १०७० युनिट, सात रुपये दराने साडेसात हजार. बचत ४२ हजारांच्या घरात. टियागोची पेट्रोल आणि विजेची मिळतीजुळती मॉडेले घेतली तर किमतीतला फरक अडीच-तीन लाखांचा पडतो. तो भरून यायला सहा-सात वर्षे लागतात. २०२५ च्या जीएसटी कपातीनंतर छोट्या पेट्रोल गाड्या स्वस्त झाल्या, ईव्हीचा दर होता तिथेच राहिला, त्यामुळे ही दरी थोडी रुंदच झाली.

छत्तीसगड सरकारने २०२२ च्या धोरणात गाडीच्या किमतीच्या १० टक्के, जास्तीत जास्त दीड लाख, असे अनुदान ठेवले. ते मिळाले तर दोन-अडीच वर्षे वाचतात. पण ही रक्कम गाडी घेतल्यावर खात्यात येते आणि ती अडकून पडल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत येत राहिल्या आहेत. कर्जाचा हप्ता ठरवताना ती हातात आहे असे धरू नये हे बरे.

यातून एक गोष्ट उघड दिसते. ईव्ही पैसे वाचवते ते चालल्यावर, उभी राहून नव्हे. रोज पंचवीस किलोमीटर हा तसा कमी वापर आहे. तीच गाडी पन्नास किलोमीटर धावली, उरल्याहून आल्यावर नवा रायपूरची एक फेरी झाली, मुलांच्या शिकवण्या झाल्या, तर फरक चार वर्षांच्या आत फिटतो. फक्त रविवारी बाजारात जाणाऱ्याने ईव्ही बचतीसाठी घेऊ नये.

विजेच्या बिलातही छत्तीसगडपुरता एक खाचखळगा आहे. मार्च २०१९ पासून छत्तीसगडमध्ये ४०० युनिटांपर्यंतच्या घरगुती वापराला निम्मे बिल लागत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये ही मर्यादा १०० युनिटांवर आली आणि डिसेंबर २०२५ पासून २०० करण्यात आली. उरल्याची रोजची फेरी महिन्याला नव्वदएक युनिट खाते. दीडशे युनिटांत भागणारे घर गाडी आली की मर्यादेपलीकडे जाते, आणि मग वरच्या युनिटांना ही सवलत मिळत नाही. घराच्या छतावर सौर पॅनेल बसवले तर चित्र पालटते. तीन किलोवॅटच्या संचाला पीएम सूर्यघर योजनेतून केंद्राचे ७८ हजार रुपये मिळतात, वर राज्याचीही भर आहे.

छत्तीसगडमध्ये ईव्हीचा विषय निघाला की कोळशाचा मुद्दा टाळता येत नाही आणि टाळूही नये. इथली वीज मुख्यतः कोरब्याच्या परिसरातून येते. गेवऱ्याची खाण जगातल्या सर्वांत मोठ्या कोळसा खाणींत गणली जाते आणि तिच्या आसपासच औष्णिक केंद्रांच्या चिमण्या उभ्या आहेत. देशभराच्या सरासरीने एका युनिटामागे साधारण ०.७३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. युनिटला सात किलोमीटर धरले तर छोट्या ईव्हीच्या वाट्याला किलोमीटरमागे १०४ ग्रॅम येतात. एक लिटर पेट्रोल जळले की २.३ किलो, म्हणजे लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीचे १५३ ग्रॅम. वीज संपूर्णपणे कोळशाचीच, युनिटामागे एक किलो, असे धरले तरी ईव्हीचे १४३ ग्रॅम होतात. फायदा आहे, पण कोरब्याच्या सावलीत तो पातळ होतो. त्यात बॅटरी बनवतानाचा धूर मिळवावा लागतो. स्वीडनच्या आयव्हीएल संस्थेने २०१९ मध्ये तो एका युनिट क्षमतेमागे ६१ ते १०६ किलो असा मांडला होता. २४ युनिटांच्या बॅटरीला दीड ते अडीच टन. देशाची सरासरी वीज धरली तर उरल्याच्या फेऱ्यांतून हे कर्ज फिटायला चार ते सात वर्षे जातात. छोट्या प्लग-इन हायब्रिडची बॅटरी निम्मी असती, तर तिचे कर्जही निम्मे असते, हे तिच्या बाजूने मान्य करायला हवे. आणि उरल्याची हवा या दोन्ही गाड्यांनी सुधारणार नाही. तिथली काळी धूळ चिमण्यांची आणि ट्रकांची आहे, तिचा बंदोबस्त तिथेच व्हायला हवा.

नागपूरचे काय? टियागो ईव्ही शंभर टक्के भरून रायपूर सोडले, एसी चालू आणि वेग ऐंशीच्या आसपास ठेवला, तर राजनांदगाव मागे टाकून गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीपर्यंत, म्हणजे दीडशेएक किलोमीटर, निभावते. तिथे जलद चार्जरवर १० ते ८० टक्के व्हायला तासभर. तेवढ्यात जेवण होते. मग साकोली, भंडारा करत नागपूर गाठताना बॅटरी तळाला आलेली असते. हा झाला सुरळीत दिवस. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना चार्जर बंद निघाला, किंवा दिवाळीच्या आदल्या दिवशी पुढे दोन गाड्या उभ्या असल्या, तर याच प्रवासाचे आठ तास होतात. सोबत वयस्क आईवडील असतील तर हा धोका कुणी पत्करत नाही, आणि त्यात भित्रेपणा काही नाही. इथे प्लग-इन हायब्रिड निर्विवाद सरस ठरते.

पण ती सरस ठरते ती प्लग लावणाऱ्याच्या हातात. युरोपातल्या अनुभवाचा सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. वाहनांच्या प्रदूषणाचा अभ्यास करणारी आयसीसीटी आणि जर्मनीची फ्राउनहोफर या संस्थांनी २०२२ मध्ये हजारो गाड्यांच्या प्रत्यक्ष वापराची माहिती तपासली. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या प्लग-इन हायब्रिड निम्म्याहून थोडे कमी अंतर विजेवर चालत होत्या. कंपनीने दिलेल्या गाड्या मात्र केवळ ११ ते १५ टक्के. शंभर किलोमीटरला अधिकृत आकडा पावणेदोन लिटरच्या आत, आणि कंपनीच्या गाड्या प्रत्यक्षात पीत होत्या साडेसात ते साडेआठ लिटर. कारण अगदी साधे. पेट्रोलचे कार्ड कंपनीचे, घरच्या विजेचे बिल मात्र स्वतःचे. केबल लावण्याची तसदी कोण घेणार? मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने गाड्यांच्या संगणकांतूनच गोळा केलेली आकडेवारी प्रसिद्ध केली. प्लग-इन हायब्रिडचा खरा धूर कागदावरच्या आकड्याच्या सुमारे साडेतीन पट निघाला. ब्रिटनने तर नोव्हेंबर २०१८ मध्येच या गाड्यांचे अनुदान थांबवले होते.

हे उरल्याला लागू होते का? शब्दशः होते. इथल्या वरच्या अधिकाऱ्यांना पेट्रोलचा खर्च बहुधा कारखान्याकडून मिळतो. उद्या स्वस्त प्लग-इन हायब्रिड आली आणि भत्त्याचे नियम आजचेच राहिले, तर तिची केबल डिकीत स्टेपनीशेजारी पडून राहील. छोट्या ईव्हीला ही पळवाट नाही. ती प्लग लावल्याशिवाय चालतच नाही, आणि धोरणाच्या नजरेने पाहिले तर तिचा हा सर्वांत मोठा गुण आहे. सरकारने तिच्यावर खर्च केलेला रुपया विजेवरच्या किलोमीटरमध्येच उतरतो.

शिवाय रायपूरच्या पुष्कळ घरांनी हा पेच आपल्या परीने सोडवलेलाही आहे. घरात एक जुनी पेट्रोल किंवा डिझेल गाडी असते, ती विकून फार काही हाती येत नाही. ती नागपूरसाठी ठेवायची आणि रोजच्या फेऱ्यांना छोटी ईव्ही घ्यायची. इंजिन एका गाडीत, बॅटरी दुसरीत. प्लग-इन हायब्रिड जे एका पत्र्याच्या आत करते ते हे घर दोन गाड्यांत करते, आणि रोज उरल्याला जाताना निरुपयोगी इंजिनाचे ओझे ओढत नाही. ज्यांच्या घरात एकच गाडी मावते, त्यांच्यासाठी मात्र आज प्रामाणिक सल्ला हाच: नागपूर वर्षातून तीनदा असेल तर ईव्ही घ्यावी आणि नागपूरला रेल्वेने जावे. दर महिन्याला असेल तर साधी हायब्रिड किंवा काटकसरी पेट्रोल गाडी.

रात्री गाडी कुठे उभी राहते हा पुढचा मुद्दा. तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरांत अंगणापर्यंत वायर नेणे सोपे, पण अर्थिंग धड नसते. ईव्हीसोबत मिळणाऱ्या केबलच्या मधोमध एक डबी असते. अर्थिंग कच्चे असले की त्या डबीवरचा लाल दिवा लागतो आणि गाडी एक युनिटही घेत नाही. इलेक्ट्रिशियन बोलावून नवा अर्थिंगचा खड्डा करून घ्यायचा, पंधरा अँपिअरच्या सॉकेटला वेगळी जाड वायर आणि एमसीबी द्यायचा, एवढे काम दोन दिवसांत होते. एक्स्टेन्शन बोर्डावर भागवणाऱ्यांचे सॉकेट वितळून काळे पडते, तो मोह टाळावा. फ्लॅटमध्ये अडचण वेगळी. केंद्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श बांधकाम नियमावलीत नव्या इमारतींच्या पार्किंगपैकी २० टक्के जागा चार्जिंगसाठी तयार ठेवण्याची तरतूद केली, पण जुन्या सोसायट्यांत अजून सचिवांची मनधरणीच करावी लागते.

म्हणून लक्ष वळते ते कारखान्याच्या आवाराकडे. गाडी तिथे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उभी असते, म्हणजे नेमकी ऊन असताना. उरल्यातल्या शेडांचे पत्रे मैलोगणती पसरलेले आहेत. त्यांवर सौर पॅनेल बसवायला जागा मुबलक, फक्त स्पंज आयर्नची काजळी बसते म्हणून ती पुनःपुन्हा धुवावी लागतील. पंचवीस किलोमीटरच्या फेरीला साडेतीन युनिट लागतात, ते साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर दीडेक तासात भरतात. एका सॉकेटवर दिवसात तीन-चार गाड्या आळीपाळीने उभ्या करता येतील. भट्ट्या आणि रोलिंग मिल चालवणाऱ्या वीज जोडणीला हा भार जाणवणारही नाही. कोरब्याचा कोळसा, घरगुती बिलाची मर्यादा, फ्लॅटचे पार्किंग, या तिन्ही अडचणींना हा एक उपाय लागू पडतो, आणि उद्या प्लग-इन हायब्रिड आली तर तिलाही तो तितकाच उपयोगी. पेट्रोलऐवजी वीज फुकट मिळाली तर अधिकारी प्लग लावायला आपणहून येतील. भारतीय मानक ब्युरोने २०२१ मध्ये तीन किलोवॅटच्या स्वस्त चार्जिंग पॉइंटसाठी मानक काढले, त्यामागे साडेतीन हजार रुपयांत तो बनावा असे उद्दिष्ट होते. उरल्यात कारखानदारांची संघटना आहे, प्रत्येक कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे, आणि पार्किंगच्या शेडखाली वायर ओढायला परवानगीची मोठी साखळी लागत नाही. दहा सॉकेटांची एक रांग आणि पेट्रोल भत्त्याच्या परिपत्रकात विजेची एक ओळ, एवढ्यापासून कुठल्याही कारखान्याला सुरुवात करता येईल.